सरांना काढायचं ठरलं तेव्हा

आमच्याकडं एखाद्याला काढून टाकायचं असलं की त्याचा सत्कार करतात. शाल, नारळ, फेटा, दोन भाषणं आणि चौकट लावलेलं एक मानपत्र. त्या मानपत्रात शेवटी एक वाक्य असतं, की आपण यापुढं मार्गदर्शकाच्या भूमिकेत राहून आम्हाला आशीर्वाद द्यावेत. टाळ्या वाजतात, फोटो निघतो. उद्यापासून आपल्याला कुणी बोलावणार नाही हे त्या माणसाला घरी जाऊन फेटा सोडताना कळतं.

आमच्या सरांचं मानपत्र टाईप करायला माझ्याकडंच आलं. मी तेव्हा परंड्यात बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. दिवसभर दाखल्यांचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका आणि पोरांच्या परीक्षांचे फॉर्म भरायचे, आणि पाच वाजले की मैदान गाठायचं. आमच्या मंडळाचा मुलींचा खो-खो संघ होता, त्याची मी कर्णधार. वय चोवीस, म्हणजे संघात सगळ्यात थोरली. तोंडानं फटकळ तर लहानपणापासूनच.

मंडळाचे अध्यक्ष खताचे दुकानदार होते. आम्ही सगळ्या त्यांना काका म्हणायचो. ते वहीचं पान फाडून घेऊन आले आणि म्हणाले, "नीट कर, पोरी. कडंनं सोनेरी वेलबुट्टी टाक."

मी वाचलं. 'वाढते वय व प्रकृती लक्षात घेता' इथं आले आणि थांबले.

"सरांच्या प्रकृतीला काय झालंय काका?"

"काय न्हाय झालं."

"मग हे?"

"लिवावं लागतं तसं."

त्या पानाच्या मागं आणखी एक पान होतं. ते आम्हा खेळाडूंचं विनंतीपत्र होतं. सरांनी खूप कष्ट घेतले, आता त्यांना विश्रांती मिळावी आणि उरलेल्या मोसमासाठी नवीन प्रशिक्षक नेमावा, अशी आमची सर्वांची इच्छा आहे, असं त्यात आम्हीच म्हटलं होतं. खाली बारा रेघा होत्या. पहिल्या रेघेपुढं कंसात 'कर्णधार'.

"ह्याच्यावर आधी तुझी सही पडली की बाकीच्या पोरी करत्यात," काका म्हणाले. "झेंडावंदन झालं की लगेच सत्कार उरकू. सोलापूरकडचा एक तरुण माणूस बघितलाय. मॅटवरचा खेळ शिकवतो. सोमवारपासून येतो म्हणलाय."

मी सही केली नाही. पण ते पान परतही केलं नाही. पिशवीत ठेवलं. हे आधीच कबूल करते, कारण पुढं मी जे काही बोलले ते ऐकून मी सरांची फार मोठी भक्त होते असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. त्या दिवसांत सरांचा मला जेवढा राग येत होता तेवढा कुणालाच येत नसेल.

आमचे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. किल्ल्याच्या अंगाला शाळेमागं आमचं मैदान होतं, ते त्यांनी स्वतः तयार केलेलं. दगड वेचून काढले, माती चाळून टाकली, रूळ फिरवला. रोज दुपारी कलल्यावर बोअरचा पाईप लावून ते मैदानावर पाणी मारायचे. इतकं मोजकं, की पाय घसरू नये आणि धूळही उडू नये. दहा वर्षांची असताना मला त्यांनी शाळेच्या पटांगणात पळताना बघितलं आणि संध्याकाळी आमच्या दारात येऊन वडिलांना म्हणाले, "पोरगी मला द्या, मैदानावर नेतो. दिवस मावळायच्या आत घरी आणून सोडीन." संघातल्या बहुतेक पोरी अशाच त्यांनी घरोघर जाऊन आणलेल्या. सर आहेत म्हणून आई-बाप पाठवत होते, हे काकांना माहीत होतं तसं आम्हालाही माहीत होतं.

सरांचा एक नियम होता. मैदानावर पायताण नाही. चपला, बूट जे काही असेल ते आखलेल्या रेषेच्या बाहेर काढायचं, वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, आणि मग आत. एकदा एक पुढारी बक्षीस वाटायला आले होते, त्यांनाही सरांनी बूट काढायला लावले. त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, तेही सगळ्या गावानं बघितलं. आम्हाला त्या नियमाचा अभिमान होता. अनवाणी पायांनी आम्ही त्या मातीत पळायचो, खांबाला वळसा घालायचो, सूर मारायचो. गुडघे फुटायचे, हळद लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मग स्पर्धा मॅटवर व्हायला लागल्या.

मॅटवर अनवाणी पळून बघा एकदा. तळपायाची सालं निघतात. तिथं बूट लागतात. आम्हीही घेतले, घरी भांडून, हट्ट करून घेतले. पण घालायचे कधी? मैदानावर चालत नाहीत. म्हणजे आमचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी, आणि पाय त्यात जाणार ते थेट सामन्याच्या दिवशी. कोरे बूट, कोरी मॅट, समोर वर्षभर बूट घालून तयार झालेल्या पोरी. मातीत आम्ही ज्या जागी घसरत जाऊन वळायचो तिथं बूट चिकटून बसायचा, आणि शरीर पुढं, पाय मागं.

त्या मोसमात आम्ही चार स्पर्धांना गेलो आणि चारही ठिकाणी पहिल्याच सामन्यात हरून परत आलो. खो-खोत पळणाऱ्या मुली तीन-तीनच्या तुकडीनं आत जातात. पहिल्या तुकडीत नेहमी मी असायचे. पूर्वी मी आत गेले की तीन मिनिटं कुणाच्या हाताला लागत नव्हते. त्या चार सामन्यांत एक मिनिट, पन्नास सेकंद, पुन्हा एक मिनिट, आणि शेवटच्या वेळी तर आत जाऊन बाहेर कधी आले ते मलाच कळलं नाही. मी बुटांना मनातल्या मनात सणसणीत शिव्या दिल्या.

दुसऱ्या पराभवानंतर मंडळानं हातपाय हलवले होते, नाही असं नाही. काकांच्या ओळखीचा एक मंडपवाला होता, त्याच्याकडचं लग्नात अंथरतात ते हिरवं मॅटिंग आणून मैदानावर टाकलं. त्यावर हळदीचे डाग होते आणि एका कोपऱ्यात जिलबीचा पाक सांडून कडक झालेला होता. सरांनी त्यावरही बूट घालू दिले नाहीत, कारण खाली मैदानच होतं. पहिल्याच पोरीनं खांबाशी सूर मारला तर ते मॅटिंग तिच्यासकट गोळा होऊन खांबाला जाऊन चिकटलं. आम्ही पोटं धरून हसलो. सरही हसले. संध्याकाळी मंडपवाला ते परत घेऊन गेला, त्याला ते दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्यात अंथरायचं होतं.

चौथ्या स्पर्धेहून टेम्पोतून परत येताना कुणी हसलं नाही. सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले, आम्ही मागं. कुर्डुवाडी गेली आणि आमच्यातली एक हळू आवाजात म्हणाली, "सर बदलाय पाहिजेत." तिला कुणी गप्प केलं नाही. मीही केलं नाही. मला वाटलं, बरोबर बोलतेय.

म्हणून काकांनी ते पान पुढं केलं तेव्हा मला खरं तर सही करायला हरकत नव्हती. उरल्या होत्या दोन स्पर्धा. दुसरी धाराशिवची, तिच्यावर सगळं वर्ष ठरायचं. नवा माणूस मॅटवरचा होता, बुटांना त्याचं काही म्हणणं नव्हतं. मग माझं अडलं कुठं?

अडलं ते त्या 'प्रकृती'पाशी. सर रोज सायकलवर यायचे. जो रूळ ओढायला आम्ही दोघीतिघी लागायचो तो ते एकटे ओढायचे. त्यांची प्रकृती चांगली होती, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, टाईप करणारीला माहीत होतं, आणि जे टाळ्या वाजवणार होते त्यांनाही माहीत होतं. हरलो म्हणून काढत असाल तर हरलो म्हणून काढा. माझं डोकं तिथं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानमालकाला सांगून काकांच्या खताच्या दुकानात गेले. मागच्या खोलीत गोण्यांच्या थप्प्यांमध्ये मंडळाची बैठक होती. पाच जण. त्यातले चौघे सरांच्या हाताखाली शिकलेले आणि दोघांनी तर सरांच्या छड्याही खाल्लेल्या. मला कुणी बोलावलेलं नव्हतं. मी एका गोणीवर बसले.

"सही आणलीस?" काकांनी विचारलं.

"नाही. एक विचारायला आले. बुटांचं सरांना सांगितलं कुणी?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"म्हंजे?"

"म्हणजे बुटांमुळं आपण हरतोय, सरावाला बूट घालू द्या, असं सरांना तोंडावर कुणी सांगितलंय का? तुमच्यापैकी?"

"त्यांना काय दिसत न्हाय व्हय?" एक जण म्हणाला.

"दिसत असेल. पण सांगितलंय का?"

"तू कर्णधार. तू सांगितलंस का?"

हा प्रश्न रास्त होता. मी नव्हतं सांगितलं. बारापैकी एकीनंही नव्हतं सांगितलं. हिंमत नव्हती असं मी म्हणणार नाही, मी कुणाशीही भांडायला कमी करत नव्हते. पण सरांना, त्यांच्या मैदानाबद्दल, त्यांच्या नियमाबद्दल? जीभच उचलत नव्हती. आमच्याकडं मोठ्या माणसाला चूक दाखवणं म्हणजे त्याचा अपमान, आणि त्याला न विचारता त्याची जागा काढून घेणं म्हणजे सन्मान. हे असं उघडं बोलल्यावर किती वेडगळ वाटतं! पण त्या खोलीतली आम्ही सहाही माणसं वर्षभर तसंच वागत होतो.

"मी सांगते," मी म्हणाले. "आज सांगते. मोसमाच्या मधोमध नवा माणूस आणलात तर कोण डावीकडं वळतं, कोण खांबाशी कच्ची आहे, कुणाला ओरडलेलं चालतं आणि कुणाला नाही, हे कळायलाच त्याचा महिना जाईल. तोवर धाराशिव होऊन जाईल. सरांना हे सगळं पाठ आहे. त्यांची एकच गोष्ट चुकतेय. ती त्यांना सांगून बघू. नाही ऐकलं तर काढा."

"आन् न्हाय ऐकलं तर सही?" काकांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"पहिली सही माझी. पण मग मानपत्रात प्रकृती नको. खेळाचं खरं कारण लिहायचं."

"मानपत्रात असलं कुणी लिवतं का गं?" काका हताश होऊन म्हणाले. पण आठ दिवस दिले.

दुपार कलली तशी मी मैदानावर गेले. घरून निघतानाच बूट घातले होते. सर पाणी मारत होते. मी रेषेपाशी थांबले, बाहेरच्या बाजूला.

त्यांनी माझे पाय बघितले. "बूट काढ अन् ये आत."

"नाही काढणार सर. त्याच्याबद्दलच बोलायचंय."

ते पाईप हातात धरून उभे राहिले. मी बोलायला लागले. मला वाटलं होतं मी नीट, शहाण्यासारखं बोलीन. तसं काही झालं नाही. चार पराभव, सोललेल्या टाचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेले कोरे बूट, टेम्पोतलं बोलणं, विनंतीपत्र, सोलापूरचा माणूस, शाल, नारळ, सगळं एका दमात बाहेर पडलं. मध्ये माझा आवाजही चढला. पाईपमधून पाणी एकाच जागी पडत राहिलं आणि चौकटीच्या मधोमध चांगलं डबकं झालं. त्यांच्या मैदानावर डबकं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"मानपत्र कुणी लिवलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काकांनी."

"शुद्धलेखन?"

"लई वाईट."

"वाटलंच. चौथीत बी तसंच होतं त्याचं."

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून ते जागीच विरलं. त्यांनी जाऊन बोअर बंद केला आणि परत आले. रेषेच्या आत उभे राहिले, मी बाहेर.

"मला काढा म्हणणारी एवढी माणसं निघाली," ते म्हणाले, "आन् बूट घालू द्या म्हणणारं एकबी न्हाय निघालं? चार ठिकाणी तुमी हरलात, मी टेम्पोत पुढं बसून इचार करत होतो, माझं काय चुकतंय. एकीनं तरी सांगायचं."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"व्हय, न्हाय म्हणलो असतो. पर चार दिसांनी हां म्हणलो असतो. तेवढे चार दिस बी तुमी मला दिले न्हाईत."

वर्षभर मी जे आदर म्हणून सांभाळलं होतं ते माझ्याच पायाशी येऊन पडलं होतं. मला त्यांची लाज वाटत नव्हती, माझीच वाटत होती.

त्यांनी पाईप गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ह्या मातीवर बूट येणार न्हाईत. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाय, आन् मी खोटं कशाला बोलू? पर मार्केट यार्डातला लिलावाचा ओटा मोकळाच असतो दुपारनंतर. फरशी हाय, पाय चिकटतो. सूर मारता येणार न्हाय, पर वळायला तर शिकता येईल. उद्यापासनं तीन दिस तिकडं बुटात, तीन दिस इकडं मातीत. चालंल?"

"चालेल सर." मला इतकं हलकं वाटलं की मी वळून निघालेसुद्धा.

"थांब. तू खरं बोलाय आलीस तर आता ऐकून बी जा."

मी थांबले.

"बाकीच्या पोरी बुटामुळं हरल्या. तुझं तसं न्हाय. तुझा डावा गुडघा गेलाय. गेल्या वर्षीच, हितं मातीवरच माझ्या ध्यानात आलं. डावीकडं वळताना तू अर्धं पाऊल जास्ती टाकतीस. आता परक्या संघांना बी कळलंय. ते तुला मुद्दाम तिकडंच दाबत्यात आन् तू मिनिटात सापडतीस. पहिली तुकडी अशी झटक्यात गेली की पाठच्या पोरी घाबरत्यात."

"मग मला सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू मला बुटाचं का न्हाय सांगितलंस?"

एवढ्यावर ते थांबले नाहीत. "चौदा वर्षं तुला पळताना बघतोय," ते म्हणाले. "जीभ उचलंना. पर ते चुकलंच. धाराशिवला तू पळणार न्हाईस. तुझ्या जागी ती राखीव बसणारी अकरावीतली पोरगी पळंल."

"मी तुम्हाला वाचवायला आले सर. आणि तुम्ही मलाच काढताय?"

"मला वाचवाय आलीस का संघाला?"

मी तशीच पाठ फिरवून निघाले. रस्ताभर मी त्यांना काय काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसासाठी मी गोणीवर बसून पाच जणांशी भांडले त्यानं त्याच दिवशी माझ्या पायाखालची जागा काढून घ्यावी! आणि चूक काढावी तीही बरोबर! ते सगळ्यात जास्त झोंबलं. डावा गुडघा मलाच माहीत होता. सकाळी जिना उतरताना मी कठड्याला धरायचे आणि घरच्यांना सांगायचे की झोप झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसले होते. पिशवीत ते विनंतीपत्र होतं. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि एकदा आली म्हटल्यावर ती जाईना. त्या पहिल्या रेघेवर मी सही केली असती, तर सोमवारी नवा माणूस येणार होता. त्याला माझा गुडघा माहीत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की ही कर्णधार, आणि ही तीन मिनिटं पळायची. धाराशिवला मी पहिल्या तुकडीत असते. सर ऐकत नाहीत एवढंच काकांना सांगायचं होतं. कुणी विचारायला जाणार नव्हतं, कारण सरांना विचारायला कुणी जातच नव्हतं.

पेन हातात होतं. एक बाई रेशनकार्डाची झेरॉक्स मागत होती आणि मी तिला ऐकलंच नाही. तिनं काउंटरवर हात आपटला तेव्हा भानावर आले. तिची झेरॉक्स काढून दिली. मग त्या विनंतीपत्राच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सर ऐकले. सत्कार नको,' आणि जेवायच्या सुट्टीत काकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"खरंच ऐकले?" काकांचा विश्वास बसेना.

"ऐकले. आजपासून यार्डाच्या ओट्यावर या बघायला."

गुडघ्याचं मी त्यांना सांगितलं नाही. ते सरांचं आणि माझं होतं.

ओट्यावरचे ते दिवस माझ्या आयुष्यातले फार वाईट दिवस होते आणि मी त्यातला एकही चुकवला नाही. सोयाबीनची टरफलं झाडून आम्ही खडूनं रेषा आखायचो. खांबाच्या जागी हमालांकडून मागून आणलेली दोन पिंपं उभी करायचो. पोरींच्या टाचा आधी फुटल्या, मग घट्ट झाल्या. सर ओट्याच्या कडेला अनवाणी उभे राहून ओरडायचे. अकरावीतल्या पोरीला पिंपाशी वळायला मी शिकवत होते, कारण ते तिला माझ्याइतकं चांगलं कुणीच शिकवू शकलं नसतं. पहिल्या दिवशी शिकवताना मनात होतं की हिला नाही जमलं तर बरं. चौथ्या दिवशी ती वळली, इतकी सफाईनं की मी टाळी वाजवली, आणि टाळी वाजवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मनापासून वाजवली. सरांशी मी कामापुरतंच बोलत होते. तेही.

मधली स्पर्धा आली, त्यात दुसऱ्या सामन्यापर्यंत गेलो. मंडळ गप्प बसलं. मग धाराशिव.

धाराशिवला आम्ही दोन सामने जिंकलो. माझ्या जागी आत गेलेली ती पोरगी पहिल्या सामन्यात अडीच मिनिटं पळाली. मी बाकावर बसून तिच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडले. बाकावर बसणं काय असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. शरीर आपोआप पळायला तयार होतं, दम वाढतो, पाय शिवशिवतात, आणि आपलं नाव काही पुकारलं जात नाही.

उपांत्य सामना एका गुणानं गेला. एकाच. पोरी मॅटवरच बसून रडायला लागल्या. सर त्यांच्यात जाऊन उकिडवे बसले आणि कुणाचं काय चांगलं झालं ते एकेकीला सांगत होते.

काका माझ्या शेजारी येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, संघाचं आणि माझंही.

"सोलापूरच्या त्या माणसानं तुझंच नाव पहिलं घेतलं होतं," ते म्हणाले. "कर्णधाराला पुढं ठेवीन म्हणत होता. तो आला असता तर आज तू पळाली असतीस."

"माहीत आहे."

"आता सांग मला. सरांना ठेवलं ते बरोबर झालं का?"

"व्हय," मी म्हणाले. "आजही विचारलंत तरी व्हयच."

"मग रडतीस कशाला?"

"मला पळायचं होतं, काका."